मुरुडात मुरुडकर नसतो



आपल्या लातूर जिल्ह्यातल्या मुरुडमध्ये राहणाऱ्याला कुणी मुरुडकर म्हणत नाही. म्हणायचं कशाला, सगळे मुरुडचेच! हे आडनाव चिकटतं ते गाव सुटल्यावर. बार्शीच्या पेठेत नाहीतर हैदराबादच्या कचेरीत कुणीतरी विचारतं, 'कुठले तुम्ही?' तोंडी दिलेलं उत्तर कागदावर चढतं आणि नातवंडं तेच लावतात. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातले नरहर कुरुंदकर घ्या. कुरुंदा हे वसमतजवळचं गाव, पण कुरुंदकर हे नाव गाजलं ते नांदेडात.

इंग्लंडात उलटंही घडलं. बाराव्या शतकात विल्यम नावाच्या एका सरदारानं उत्तरेकडचं वॉशिंग्टन हे गाव पदरात पाडून घेतलं, तिथं जाऊन राहिला आणि गावाचं नाव लावू लागला. त्याच घराण्यात पुढं अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला. तिकडे मालक गावात शिरताना नाव घेतो, आपल्याकडे माणूस वेशीबाहेर पडताना.

नवं आडनाव कसं जन्मतं, ते पाहायला मात्र आपल्याला बाराव्या शतकात जायची गरज नाही. आपल्या लातूर जिल्ह्यात ते डोळ्यांदेखत घडलं. विधानसभेत काय नि लोकसभेत काय, पाटलांना तोटा नाही. मग ओळखायचं कसं? निलंग्याचे शिवाजीराव पाटील 1985 मध्ये मुख्यमंत्री झाले ते निलंगेकर म्हणून. लोकसभेचे अध्यक्ष झालेले शिवराज पाटील चाकूरकर झाले. निलंगेकर तर आता नातवापर्यंत पोचलं आहे. आधी पाटीलकी होती, तिचं आडनाव झालं, आणि ते फार जणांचं झालं तेव्हा त्याला गावाचं ठिगळ लागलं.

आता मुरुडकरांची पंचाईत ऐका. मुरुड एक नाही. महर्षी कर्व्यांचं मुरुड दापोलीजवळ, दुसरं जंजिऱ्याचं, तिसरं आपलं. नुसत्या आडनावावरून आपला माणूस म्हणून गळ्यात पडू नये! आधी कुलदैवत विचारावं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची नावं गाववार सापडतात, तिथं शोधावं. घरात जुन्या जमिनीचे कागद असतील तर तेही काढावेत. निजामाच्या काळातले बरेचसे उर्दूत आहेत, काही मोडीत. ते वाचणारी जुनी माणसं लातूर-उदगीरकडे अजून भेटतात. गाठ पडली तर पेटीतलं बाड त्यांच्यापुढं उघडाच.