सरासरीचा मेंदू आणि समोरचा माणूस

अध्यक्षाने वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो स्मरणिकेत छापला आहे, सवडीने वाचावा. मला बरीच वर्षं एकच गोष्ट बोलायची आहे, आणि आज माइक माझ्या हातात आहे. मेंदूच्या स्कॅनवरून एखाद्याचा भावनिक स्वभाव सांगण्याचा जो धंदा आपल्या शास्त्राच्या नावावर चालला आहे, त्याला आपल्या शास्त्राचा आधार नाही.

आपल्या सर्वांच्या परिचयाचा प्रयोग घ्या. यंत्रात पडलेल्या माणसाला वर एक चेहरा दिसतो, खाली दोन. रागावलेले किंवा घाबरलेले. वरच्याशी जुळणारा खालचा निवडून त्याने बटण दाबायचं. मग चेहऱ्यांच्या जागी नुसत्या आकृत्या येतात. दोन्हींतला फरक काढला की मेंदूतली अमिग्डला उजळते. अहमद हरिरी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये याच प्रयोगातून, 28 जणांच्या आधारावर, सेरोटोनिनशी निगडित जनुकाचा संबंध या प्रतिसादाशी जोडला आणि व्यक्तिभेदांच्या शोधाला उधाण आलं. पण हा प्रयोग जवळजवळ प्रत्येक गटात यशस्वी होतो, हीच त्याची अडचण आहे. जे सगळ्यांमध्ये सारखं घडतं, त्यात माणसामाणसांतला फरक थोडाच उरतो. आणि तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा यंत्रात गेला, तर त्याचा आकडा त्या फरकाइतकाच हलू शकतो. 2020 मध्ये अशा प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात पुनर्चाचणीची विश्वसनीयता सरासरी 0.4 च्या आतच भरली. शोधनिबंधाच्या लेखकांत स्वतः हरिरी होते, ही त्यांची सचोटी. आपल्यापैकी किती जणांनी त्यानंतर आपल्या व्याख्यानांतल्या स्लाइड बदलल्या?

यावर म्हटलं जातं, स्वभाव वेगळे तर मेंदूही वेगळे असणारच. असणारच, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो हा फरक एकाच ठिकाणी, एकाच आकड्यात सापडतो का, याचा. दोन्ही अमिग्डला निकामी झालेल्या, ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या बाईंना सापांची किंवा भयपटांची भीती वाटत नसे. म्हणून अमिग्डला म्हणजे भीतीचं केंद्र, असं आपण वर्गात शिकवलं. 2013 मध्ये त्यांना कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा त्या घाबरून गेल्या. केंद्र नाही, तरी भीती आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा: मोठे नमुने परवडत नाहीत. पण 2022 मध्ये सुमारे 50,000 जणांच्या स्कॅनवरून दिसलं, की मेंदू आणि वर्तन यांचे संबंध इतके क्षीण असतात की ते भरवशाने पकडायला हजारो माणसं लागतात. तोवरच्या अभ्यासांतला नमुना साधारण 25 चा. परवडत नाही, म्हणून 25 जणांवरून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही.

आणि यात कुणाचं काय बिघडतं, असं विचारू नका. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. ती चाचणी आठवणींची होती, भावनांची नव्हती. पण एका मेंदूकडून कौल मागण्याची खोड तीच. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशा चाचण्यांना मनाई केली, तीही मुख्यतः सक्तीच्या मुद्द्यावर. चाचणी मुळात किती विश्वासार्ह, हे सांगण्याचं काम आपलंच होतं.

पुढे काय? एकाच माणसाचे वारंवार स्कॅन, मराठीत नीट प्रमाणित केलेल्या प्रश्नावल्या, निकाल कसाही लागो तो छापण्याची शिस्त. तपशील कार्यकारिणीने ठरवावेत. तोवर माझी विनंती एवढीच: एखाद्या कंपनीने, शाळेने किंवा वकिलाने एका माणसाचं स्कॅन पुढे करून त्याच्या स्वभावाचा दाखला मागितला, तर नाही म्हणा, आणि ते लेखी द्या.