विमानप्रवास आणि परक्याचे पुडके
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा बाहेरचा वक्ता न बोलावता आपल्यातलीच कोणी बोलावी असे ठरले आणि तो मान माझ्याकडे आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला बसून बोलावे तशी बोलते. कोठे चुकले तर सांभाळून घ्या.

पूर्वी आपल्या बेलपाड्याला विमान म्हणजे डोक्यावरून जाणारा आवाज, एवढेच ठाऊक होते. 2025 च्या 8 ऑक्टोबरला आपल्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 25 डिसेंबरपासून तेथून विमाने सुटू लागली. कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा ही गावे त्या कामासाठी उठली. आपल्यापैकी काहीजणींची माहेरे तिकडचीच. माहेर उठले त्या जागी विमानात चढायचे, हे मनाला अजून पटत नाही. असो, तो विषय निराळा. पण आता आपल्याही बायका विमानाने जाऊ लागल्या आहेत, म्हणून हे बोलणे.

मी पहिल्यांदा नागपूरला गेले ती मुंबईच्या विमानतळावरून, आणि एकटी. दाराचा क्रमांक तिकिटावर होता, तो वाचून त्या दाराशी निवांत बसले. मागाहून दार बदलले, ते फलकावर लागले, पण फलक बघायचा असतो हेच मला ठाऊक नव्हते. शेजारी एक मुलगी बसली होती. केस कापलेले, कानात ते गाण्याचे यंत्र. मी मनात तिला नावे ठेवत होते, खोटे कशाला बोलू! तीच म्हणाली, “काकू, तुमचे तिकीट बघू?” बघितले मात्र आणि माझी पिशवी उचलून ती धावतच सुटली. विमान सुटण्याआधी साधारण 25 मिनिटे ते दार बंद होते. मग कितीही हात जोडा, उघडत नाही. मी आत गेले, पण तिचे नाव विचारायचे राहून गेले.

तेव्हापासून मी आजूबाजूला बघत असते. बावरलेली बाई लगेच ओळखू येते. ती तिकीट पुन्हापुन्हा काढून बघते. खुर्चीचा पट्टा लावता येत नसेल तर लावून द्यावा. विमान उतरताना हवेचा दाब बदलतो, म्हणून लहान मुलांचे कान दुखतात. अशा वेळी आईला सांगावे की बाळाला पाजत राहा, गिळताना कान मोकळे होतात. म्हाताऱ्या माणसांना चाकांची खुर्ची मिळते, मात्र तिकीट काढतानाच कळवून ठेवावे.

एकदा तपासणीत एका आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता निघाला. धारेची वस्तू हातच्या सामानात चालत नाही. आजी रडू लागल्या, अडकित्ता त्यांच्या सासूचा होता. मुलगा अजून बाहेरच उभा होता. जवानाला विचारून मी आजींबरोबर दारापर्यंत परत गेले आणि त्यांनी तो मुलाच्या हाती दिला. तेवढ्या धावपळीत माझा चहा राहिला.

आता मुख्य गोष्ट सांगते. या वर्षी हैदराबादला निघाले होते. विमानतळाच्या दाराबाहेर एक बाई आली, माझ्याच वयाची, कपाळाला मोठे कुंकू. “ताई, तिकडे माझा भाऊ आजारी आहे, एवढे औषध न्या. तो तुम्हाला बाहेर भेटेल.” पुडके दोऱ्याने घट्ट बांधलेले. मी म्हटले, “बाई, हे मला नेता येणार नाही. औषधाचे नाव भावाला कळवा, तिकडच्या दुकानात मिळेल. नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा, पत्ता मी लिहून देते.” ती म्हणाली, “माणुसकीच उरली नाही,” आणि निघून गेली. आसपासचे लोक माझ्याकडे बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पण भगिनींनो, मी का नाही म्हटले ते ऐका. 2019 साली मुंबईचे एक जोडपे कतारला गेले. नात्यातल्याच बाईने दिलेले पुडके त्यांच्या सामानात होते. तिकडच्या विमानतळावर त्यातून सुमारे 4 किलो चरस निघाला. दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, तिची मुलगी तुरुंगात जन्मली. पुढे खरे उघडकीस येऊन 2021 साली ते सुटून घरी आले. आणि ते पुडके तर परक्याचेही नव्हते! आपल्याकडेही 1985 चा कायदा असाच कडक आहे. ज्याच्याजवळ सापडले त्यानेच आपण निर्दोष असल्याचे दाखवायचे. म्हणून तर सामान देताना विचारतात, पिशवी तुम्हीच भरली ना, कोणी काही दिले नाही ना? तेथे मी काय उत्तर दिले असते?

तरी ती बाई खरी असेल तर, असे कधी रात्री मनात येते. भावाला औषध उशिरा मिळाले असेल. ते मला कधीच कळणार नाही.

पुढच्या महिन्यात मंडळातल्या तिघी पहिल्यांदाच विमानाने जाणार आहेत. त्यांनी, आणि ज्यांना तिकीट वाचायला शिकायचे असेल त्या सर्वांनी, शनिवारी दुपारी मंडळात यावे. माझे जुने बोर्डिंग पास मी जपून ठेवले आहेत, ते घेऊन येते.