पाण्याचा नियम आणि गावाची जबाबदारी



सावित्री नदी महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांतून खाली उतरते आणि महाड परिसरात गांधारी व काळ या नद्यांचे पाणी घेऊन बाणकोटच्या खाडीकडे जाते. भरतीचे पाणी महाडपर्यंत चढते; म्हणूनच पूर्वी येथवर गलबते येत असत. याच पात्रात मगरींचे वास्तव्य आहे, खाडीकाठी कांदळवन आहे आणि मासेमारीवर जगणारी कुटुंबे आहेत.

घाटापलीकडे कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले. पर्यटनातून रोजगार मिळतो, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. उद्या कोकणातील नद्या व तळ्यांवरही यंत्रनौका वाढतील. त्या येण्यापूर्वीच नियम ठरावेत, कारण धंद्यात भांडवल गुंतल्यानंतर केलेला नियम अन्याय वाटू लागतो.

यंत्रनौकेमुळे होणारी हानी सहजासहजी दिसत नाही. जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते व त्या इंधनाचा काही भाग न जळताच पाण्यात जातो. उथळ पाण्यात पंखा तळचा गाळ ढवळतो. पाणी गढूळ होते आणि पाणवनस्पतींना प्रकाश मिळत नाही. वेगाने उठलेल्या लाटा काठ पोखरतात. मगर काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पाणपक्षी पाण्यालगत घरटी बांधतात. या दोहोंना त्या लाटांपासून धोका असतो.

केंद्र शासनाच्या २०१० च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांत यंत्रनौका चालविण्यास राज्य शासनाची पूर्वसंमती आवश्यक ठरविली होती. २०१७ च्या नव्या नियमांनी प्रत्येक पाणथळ जागेसाठी कोणत्या गोष्टी निषिद्ध, कोणत्या नियंत्रित व कोणत्या अनुज्ञेय, हे ठरविण्याचे काम राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाकडे सोपविले. म्हणजे निर्णय दिल्लीहून राज्याकडे आला. परंतु पक्षी कोणत्या महिन्यात उतरतात, मगरी कोठे अंडी घालतात, मासा कोणत्या वळणावर मिळतो, हे मुंबईतील कचेरीपेक्षा काठच्या माणसाला अधिक ठाऊक असते. ते ज्ञान ग्रामसभेने व नगरपरिषदेने लेखी मांडले पाहिजे.

नियम म्हणजे सरसकट बंदी नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल कोसळला, तेव्हा वाहून गेलेल्यांच्या शोधासाठी बचाव पथकांच्या बोटी नदीत उतरल्या. जुलै २०२१ च्या महापुरातही महाडमध्ये अडकलेल्या माणसांसाठी बोटींचाच आधार होता. बचावकार्य व मच्छीमारांची उपजीविका यांना मोकळीक हवी. वेग, इंजिनाचा प्रकार, ऋतू आणि काठापासूनचे अंतर यांना मर्यादा हवी. जर्मनीतील क्योनिग्सझे सरोवरावर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या प्रवासी नौका आहेत आणि पर्यटक तेथे आजही जातात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर वल्ह्यांच्या व पायडलच्या होड्यांतून पिढ्यान् पिढ्या जलविहाराचा आनंद घेतला गेला आहे.

तथापि नियम लिहिणे आणि तो पाळणे यांतील अंतर महाडइतके दुसऱ्या कोणत्या नगराने अनुभवले असेल? मुंबई कायदेमंडळाच्या १९२३ च्या ठरावाला अनुसरून येथील नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांस खुले केले. तरीही अस्पृश्य मानलेल्यांना तेथे पाणी घेता येईना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्याच वर्षी नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला, आणि न्यायालयीन लढा १९३७ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपला. पाणी कोणा एकाचे नव्हे, हा त्या लढ्याचा अर्थ आहे. ते आज तिकीट काढून फिरणाऱ्याइतकेच काठच्या कोळ्याचे आणि उद्या जन्मणाऱ्या लेकराचेही आहे.

जैन आचारात पाणी गाळून घेण्याचा दंडक आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवाचीही हिंसा होऊ नये, हा त्यामागील विवेक आहे. घरातील घागरीपुरता पाळला जाणारा हा विवेक नदीच्या पात्रापर्यंत पोहोचावा. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. ग्रामसभेत एक ठराव व्हावा, काठावर एक फलक लागावा आणि ठरावाचा भंग होताना गप्प न बसणारी चार माणसे गावात असावीत. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि सावित्रीचे भवितव्य तिच्यावरच अवलंबून आहे.