कामगारांनो, आपल्या श्वासाचा हिशेब ठेवा!

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरवाच्या कार्यक्रमात ‘दहावी-बारावीनंतर काय?’ या विषयावर बोलण्याची पद्धत आहे. कार्यकारिणीने आम्हालाही तेच सुचविले होते. परंतु आम्ही आयुष्यभर कारखान्यात नोकरी केलेली माणसे. जे आम्हाला ठाऊक आहे तेच सांगावे, म्हणून आम्ही दुसरा विषय मागून घेतला. कामावर असताना कामगाराच्या शरीरात काय गेले, किती गेले आणि त्याची नोंद कोणी ठेवली, हा तो विषय. या सभागृहात बसलेल्या किती मुलांच्या वडिलांनी रंगाच्या, रसायनाच्या, बॅटरीच्या किंवा दगड फोडण्याच्या कामावर उमेदीची वर्षे घालविली असतील, याचा विचार करा. म्हणजे हा विषय गुणगौरवाच्या कार्यक्रमाबाहेरचा वाटणार नाही.

आमच्या वस्तीतील एका काकांची हकीकत सांगतो. त्यांचे नाव घेत नाही, आणि कारखान्याचेही घेत नाही. १९७९ पासून १९९४ पर्यंत ते लॅगिंगच्या कामावर होते. लॅगिंग म्हणजे वाफेच्या पाइपांना उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून ॲस्बेस्टॉसची दोरी आणि लिंपण गुंडाळणे, व जुने झालेले फोडून काढणे. पंधरा वर्षांत ठेकेदार चार बदलले; पाइप तेच, काका तेच. संध्याकाळी घरी आले की अंगावर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी पूड असे. काकू ते कपडे दारात झटकून मग धूत असत.

२०१३ साली काकांना दम लागू लागला. जिना चढवेना. दोन वेळा क्षयाचे औषध झाले, गुण आला नाही. शेवटी मोठ्या रुग्णालयातील एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारले, “बाबा, तुम्ही काम काय करत होता?” तोपर्यंत हा प्रश्न त्यांना कोणीही विचारला नव्हता! काकांनी सांगितले, लॅगिंग. डॉक्टर म्हणाले, “त्याचा काही कागद आहे का?”

कागदासाठी आम्ही तिघे हिंडलो. कारखान्यात सांगितले, हा माणूस आमच्या मस्टरवर कधीच नव्हता. चारपैकी दोन ठेकेदार वारले होते, एकाचा पत्ता लागला नाही, चौथ्याने ओळख दाखविली नाही. काकूंच्या पत्र्याच्या पेटीत एक गेटपास सापडला. त्यावर आडनाव चुकीचे होते आणि कामाच्या रकान्यात फक्त ‘हेल्पर’ असे लिहिले होते. पंधरा वर्षांच्या श्वासाचा एवढाच पुरावा! काका गेले. भरपाईचा अर्ज पुढे सरकलाच नाही. त्यांचे फुप्फुस सर्व सांगत होते. पण फुप्फुसाची साक्ष कागदाशिवाय चालत नाही.

मित्रहो, आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेट वायूने हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांविषयी एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. रसायने व विषारी पदार्थांशी संपर्क येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या अचूक व अद्ययावत नोंदी मालकाने ठेवाव्यात, आणि त्या कामगाराला पाहावयास मिळाव्यात, असे त्यात म्हटले होते. वैद्यकीय तपासणी कामावर लावण्यापूर्वी करावी, काम चालू असताना करावी आणि ते काम सुटल्यानंतरही करावी. दोन तपासण्यांत बारा महिन्यांहून अधिक अंतर नसावे, असेही होते. ‘काम सुटल्यानंतरही’ हे शब्द लक्षात ठेवा. त्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. आरोग्याच्या नोंदी ठेवण्याचे व त्या कामगाराला दाखविण्याचे मालकाचे कर्तव्य तिच्यातही आहे. शिवाय प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिले पाहिजे, असे ही संहिता सांगते.

दुसरी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाची. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी केलेल्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल लागला. कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. आणि ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला की, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद त्याच्या नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी.

चाळीस वर्षे कशासाठी? कारण ॲस्बेस्टॉसचा तंतू डोळ्याला दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो फुप्फुसात रुतला की आजार उघड व्हायला दहा, वीस, कधी चाळीस वर्षे लागतात. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिसही बहुधा असाच उशिरा ओळखू येतो, आणि क्षय समजून त्यावर उपचार होत राहतात. आजार दारात येतो तेव्हा नोकरी संपलेली असते, ठेकेदार बदललेला असतो, कधी कारखानाच उठलेला असतो. आमच्या काकांना निकालातले माप लावून पाहा. १९७९ मध्ये चाळीस मिळविले की २०१९ येते. म्हणजे २०१३ साली त्यांची नोंद कोठेतरी असावयास हवी होती. पण नोंद जपण्यासाठी आधी ती लिहावी लागते, आणि ठेकेदाराच्या माणसाची ती कोणी लिहिलीच नव्हती.

मग अशी नोंद ठेवणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. आपल्या मुंबईतच त्याचे उदाहरण आहे. रुग्णालयात एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्याला टीएलडी बिल्ला म्हणतात. त्यातील चकत्या अंगावर पडलेले किरण साठवून ठेवतात. ठरावीक मुदतीने, बहुधा दर तीन महिन्यांनी, तो बिल्ला तपासणीला जातो, आणि त्या माणसाला किती मात्रा मिळाली हे त्याच्या नावावर लिहिले जाते. पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा अधिक नाही, अशी आपल्या देशात मर्यादा आहे. या मात्रांची राष्ट्रीय नोंद तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ठेवली जाते. माणूस एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात गेला तरी त्याचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होऊ नये, हा यामागचा विचार आहे. नोंद मालकाची नसते, माणसाची असते. किरणांच्या बाबतीत जे जमते ते धुळीच्या, शिशाच्या आणि रसायनांच्या बाबतीत का जमू नये? आमची मागणी एवढीच आहे : नोंद कारखान्याच्या कपाटात अडकून पडू नये, ती कामगाराबरोबर चालली पाहिजे.

हवेतील रसायन मोजण्याचीही रीत आहे. कामगाराच्या कमरेला लहान पंप बांधतात आणि नळी कॉलरजवळ, म्हणजे नाकाजवळ, लावतात. दिवसभर तो जी हवा घेतो तीच गाळून तपासतात. बहुतेक मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ठरविलेल्या असतात. अमोनियासाठी ती हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग, आणि पंधरा मिनिटांपुरती ३५ भाग अशी आहे. “आम्हाला वासावरून समजते,” असे पुष्कळ जुने कामगार सांगतात. हा भ्रम आहे! गटारात, मैल्याच्या टाक्यांत आढळणारा हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजून उतरलेला माणूस वर येत नाही. नाक हे मोजमापाचे साधन नव्हे.

येथे बाबासाहेबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्याच काळात, १९४६ साली, कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. आपण हे तास विश्रांतीच्या हिशेबाने मोजतो. ते श्वासाच्याही हिशेबाने मोजा. विषारी पदार्थाची मात्रा म्हणजे हवेतील प्रमाण आणि वेळ यांचा गुणाकार होय. आठ तासांसाठी ठरविलेली मर्यादा बारा तासांच्या कामाला लावता येत नाही. ओव्हरटाइमचे पैसे मोजताना आपण हा दुसरा हिशेब विसरतो.

कोणाला कोणत्या खात्यात काम मिळाले, यालाही आपल्याकडे इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. म्हणजे कोणी कोणती हवा घ्यावी हेसुद्धा जातीने ठरविले होते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराची एक खूण सांगतो. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी होते, आणि पुढे आठवड्यात ते कमी होते. ज्याने वार लिहून ठेवला त्याच्या वहीतून डॉक्टरांना आजार ओळखता येईल. ज्याने लिहिला नाही तो म्हणेल, “कधी कधी दम लागतो.” एका वाराची नोंद केवढे काम करते ते पाहा!

एक भीती आम्ही अनेकदा ऐकली आहे. “रक्तात शिसे सापडले तर कामावरून काढतील; मग तपासणी कशाला?” ही भीती खोटी नाही. आमच्या डोळ्यांसमोर असे घडले आहे. म्हणूनच एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून तपासणी मागावी आणि निकालाची प्रत हातात घ्यावी. शिसे सापडले तर माणूस नव्हे, धूर बदलला पाहिजे, ही मागणी संघटनेच्याच तोंडून शोभते. एक पगार वाचविण्यासाठी आजार लपविला तर पुढे औषधाला दहा पगार जातात आणि हक्कही हातचा जातो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक कामगाराच्या घरी एक दोनशे पानी वही असावी. पहिल्या पानावर कारखाना, ठेकेदार, खाते आणि रुजू झाल्याची तारीख लिहावी. पुढे तारीख, वार, पाळी, नेमके काम, किती तास, आणि ड्रमवरच्या लेबलावरील पदार्थाचे नाव लिहावे. ‘पांढरी पावडर’, ‘उग्र ॲसिड’ असे लिहू नये; लेबल इंग्रजीत असेल तर अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. मास्क मिळाला का, कोणता, गळती झाली का, सोबत कोण होते, तेही असावे. त्रास झाला तर लिहावा, आणि झाला नाही तर तसेही लिहावे. कारण खरी वही तीच, जिच्यात चांगले दिवसही असतात. गेटपास, नेमणूकपत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीची व राज्य विम्याची कागदपत्रे, एक्स-रे आणि केसपेपर त्याच पिशवीत ठेवावेत. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्यावी, आणि त्यांनी विचारले नाही तरी आपले काम सांगावे. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असे त्याने वैद्यांना बजावले होते. तीनशे वर्षे झाली, तरी आमच्या काकांना तो प्रश्न विचारायला दोन वेळचे क्षयाचे औषध संपावे लागले.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या वडिलांना कदाचित लिहिण्याची सवय नसेल, पण स्मरण असते. येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसा. पहिल्या नोकरीपासून विचारा : बाबा, कुठे होता, काय उचलत होता, कशाचा वास येई, अंगावर काय पडे? आईलाही विचारा. तिनेही कामे केली आहेत, आणि वडिलांचे कपडे तिनेच झटकले आहेत! अशी वीस घरांची वही झाली, तर एकाच खात्यातल्या पाच जणांना एकच दम लागतो, हे दिसून येईल. एकाच्या खोकल्याला कोणी विचारत नाही. पाच वह्या एकत्र टेबलावर ठेवल्या तर विचारावेच लागेल. शिकलेल्या मुलाने शिक्षणाचा पहिला उपयोग घरासाठी करावा, तो असा.

संस्थेच्या वाचनालयात अशा वह्यांच्या प्रती ठेवण्यासाठी एक कपाट मिळावे, अशी विनंती आम्ही अध्यक्ष महोदयांना याच व्यासपीठावरून करीत आहोत. पहिली वही आम्ही आणली आहे. ती काकांची आहे. ते गेल्यानंतर काकूंनी आठवून सांगितले आणि आम्ही लिहून घेतले. तिची फक्त अकरा पाने भरली. पंधरा वर्षांची अकरा पाने! तुमच्या घरातील वही अशी मागाहून लिहावी लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.