परदेशचा कारभार पाहताना

कामठीची मुलं घेऊन गुरुजी परदेशचा राज्यकारभार पाहावयास निघाले, तर त्यांनी आधी काय करावे? आधी कामठीच दाखवावी. १८२१ साली इंग्रजांनी कन्हानकाठी येथे छावणी वसवली. लष्करी छावणीचा कारभार निराळा, नगरपरिषदेचा निराळा, अन् भोवतालच्या खेड्यांसाठी पंचायत समिती. नळाला पाणी आलं नाही, तर दाद कुणाकडे मागायची, हे मुलांना ठाऊक हवं.

मग खुशाल स्वीडनला न्यावे. सरकारी कागद पाहण्याचा हक्क तिथे १७६६ साली कायद्याने दिला. भारताचा माहिती अधिकार कायदा २००५ सालचा. नुसत्या इमारती पाहू नयेत. साधा माणूस कचेरीत कागद कसा मागतो, ते पाहावे. परतल्यावर आपल्याच कचेरीत दहा रुपयांचा अर्ज करावा. उत्तर हाती आले, की सहल पुरी झाली म्हणा!