विजेची पाळी

गृहनिर्माण संस्थांच्या सभेत पूर्वी पाण्यावरून भांडणे व्हायची. आता विषयपत्रिकेवर नवा विषय आला आहे : पार्किंगमधल्या विजेच्या गाड्यांना वीज कुणी, किती घ्यायची?

समजा, इमारतीच्या मंजूर भारातून १४ किलोवॅट शिल्लक आहेत. भिंतीवरचा एक चार्जर पूर्ण जोराने सुमारे ७ किलोवॅट खेचतो. म्हणजे दोन गाड्यांतच कोठार रिकामे! पहिल्या दोघांना परवानगी मिळते आणि तिसऱ्याला उत्तर मिळते, "लोड नाही."

पण हिशेब नीट मांडून पाहा. दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला साधारण ६-७ युनिट पुरतात. दहा गाड्यांचे झाले ७०. आणि १४ किलोवॅट रात्रीच्या आठ तासांत ११२ युनिट देतात. तेव्हा वीज कमी नाही. सगळ्यांनी संध्याकाळी सातला एकदम प्लग लावणे, ही खरी अडचण.

यावर उपाय आहे तो भार वाटून देणाऱ्या यंत्रणेचा. मुख्य वाहिनीवरचा मीटर इमारत किती वीज घेते ते पाहत असतो. लिफ्ट, पंप सुरू झाले की चार्जरांना 'जरा हळू' असा निरोप जातो; मध्यरात्री इमारत निजली की हात सैल होतो. मात्र वाटणीलाही तळ आहे. ६ अँपिअरच्या, म्हणजे सुमारे १.४ किलोवॅटच्या खाली अशा चार्जरवर गाडी वीज घेतच नाही. आपल्या १४ किलोवॅटमध्ये एका वेळी दहा गाड्या बसतात. अकरावी आली की पाळीच लावावी लागते.

पाळी आपल्याला नवी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धतीत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटून घेत आले. पाणी किती ते पाहून कोणत्या फडात काय पिकवायचे, हे सारे मिळून ठरवत. पाटकरी ते शेतोशेत पोहोचवी.

यंत्र वाटणी करील, पण आधी कुणाला, हे माणसांनीच ठरवायचे. पहाटे कामावर निघणारा आणि आठवड्यातून एकदा गाडी काढणारा, यांना रोज एकच माप लावणे म्हणजे न्याय नव्हे.

म्हणून पहिल्या चार्जरला मंजुरी देतानाच ठराव करा : शिल्लक भार संस्थेचा, चार्जर वाटणी मानणारा आणि प्रत्येकाच्या युनिटांची नोंद वेगळी. पहिल्या गाडीच्या वेळी हा ठराव पाच मिनिटांत होतो. तिसऱ्या गाडीच्या वेळी त्याचे भांडण झालेले असते.