व्हीआरएस घ्यावी का? : एका फॉर्मची गोष्ट
(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहे.)



मला ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’ असा विषय दिला होता. मी तो थोडा बदलून घेतला आहे. कारण सांगतो. महिन्यापूर्वी आपल्या बी विंगमधला एक मुलगा रात्री साडेनऊला माझ्याकडे आला. मुलगा म्हणतोय, पण वय ४६. कंपनीने त्याला स्वतःहून नोकरी सोडण्याची ऑफर दिली होती आणि दहा दिवसांत कळवायचे होते. झोप नाही, गोळ्या चालू. म्हणाला, “काका, तुम्ही घेतली होतीत ना व्हीआरएस? मी घेऊ का?”

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. चहा दिला. आज जे सांगणार आहे ते त्याला सांगून झालं आहे, पण मला वाटतं या हॉलमध्ये आणखी चार-पाच जण तरी असे असतील. म्हणून सर्वांसमोर सांगतो.

माझी गोष्ट २००० सालची. आपली सोसायटी तेव्हा नुकतीच रजिस्टर झाली होती, लिफ्ट महिन्यातून आठ दिवस चालायची आणि डोंबिवलीत टँकर रात्री अकराला यायचा. मी एका सरकारी बँकेत मुंबईत शाखाधिकारी. १९७२ साली क्लार्क म्हणून लागलो, परीक्षा देत देत स्केल थ्रीपर्यंत आलो. वय ५०.

त्या काळात बँकेत काय चाललं होतं ते तरुणांना माहीत नसेल. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र आम्ही शाखेत जागून काढली, तारीख बदलल्यावर कॉम्प्युटर बंद पडतील या भीतीने. मग केंद्रीय दक्षता आयोगाचं फर्मान आलं की, १ जानेवारी २००१ पूर्वी ७० टक्के व्यवसाय संगणकावर गेला पाहिजे. म्हणजे दिवसा काउंटर सांभाळायचा आणि संध्याकाळी जुनी लेजरं मशीनमध्ये भरायची. वरून थकीत कर्जांची वसुली. त्यातच माझ्या आधीच्या साहेबांनी दिलेलं एक कर्ज बुडीत गेलं आणि खुलासा द्यायचा मेमो आला माझ्या नावाने.

एके सकाळी मी मशीद बंदरला उतरायचं ते उतरलोच नाही. गाडी सीएसटीला गेली. मी बसून राहिलो. तीच गाडी परत सुटली, तरी बसून राहिलो. ठाण्याला उतरून शाखेत फोन केला की ताप आहे. ताप नव्हता. हे मी पंचवीस वर्षांत घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना आली. १५ वर्षं नोकरी किंवा वय ४० असेल तर अर्ज करता येत होता. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यातली जी रक्कम कमी असेल ती. माझी २८ वर्षं झाली होती, म्हणजे ५६ महिन्यांचा पगार. नोकरीचे उरलेले महिने ११३. तेव्हा ५६ मिळणार.

पगार आणि महागाई भत्ता धरून १८ हजार. गुणिले ५६, म्हणजे १० लाख ८ हजार. २००० साली दहा लाख! आकडा लिहून मी त्याखाली दोन रेघा मारल्या.

हिने कागद पाहिला आणि एकच विचारलं, “अहो, तुम्हाला बँकेतून सुटायचंय, की त्या शाखेतून?”

मला राग आला. पण प्रश्न बरोबर होता. मी दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला. हेड ऑफिसात हिशेब खात्यात कुठेही चालेल, पद तेच राहू द्या, असं लिहिलं. शिवाय आधी मेमोचा खुलासा द्यायचा असं ठरवलं. कारण दोन होती. खात्याची चौकशी चालू असेल तर योजनेत बसताच येत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे घाबरलेल्या माणसाची सही खरी सही नसते. खुलासा मान्य झाला. बदली नामंजूर झाली.

मग पुन्हा कागद घेऊन बसलो आणि यावेळी बँकरसारखा हिशेब केला. तो तुम्हाला सांगतो, कारण आजही लोक हीच चूक करतात.

पहिली गोष्ट, ग्रॅच्युइटी, स्वतःच्या वर्गणीचा पीएफ, शिल्लक रजेचे पैसे हे सगळं मी त्या दहा लाखांत मिळवून बसलो होतो. ते पैसे तसेही माझेच होते. ते व्हीआरएसच्या पारड्यात टाकायचे नाहीत. दुसरी गोष्ट कर. ५ लाखांपर्यंत माफी होती, आजही मर्यादा तेवढीच आहे. वरच्या रकमेवर सुमारे दीड लाख कर. राहिले साडेआठ. घराचं कर्ज सव्वातीन लाख बाकी होतं, ते फेडलं तर राहिले सव्वापाच. म्हणजे दोन रेघा मारलेले दहा लाख प्रत्यक्षात सव्वापाच होते. त्यावर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज आणि पेन्शन, यावर घर चालवायचं. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत, आई जवळ.

आकडे सांगत होते, जेमतेम जमेल. डॉक्टर सांगत होते, रक्तदाब असाच राहिला तर जमणार नाही. मी शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी फॉर्म दिला. ३१ मार्च २००१ ला सुटलो. देशभरात लाखाहून अधिक बँक कर्मचारी त्या योजनेत बाहेर पडले. आमच्या शाखेतले एकाच दिवशी सहा जण. निरोप समारंभाला हार घालणारे कमी आणि घालून घेणारे जास्त, अशी परिस्थिती होती.

आता काय चुकलं ते सांगतो.

व्याज दहा टक्केच राहील असं मी धरलं. बँकेत २८ वर्षं काढलेल्या माणसाने! २००३-०४ पर्यंत ठेवींचे दर साडेपाच-सहावर आले. माझं व्याजाचं उत्पन्न जवळपास अर्धं झालं. ज्येष्ठ नागरिकांसाठी ९ टक्क्यांची योजना २००४ मध्ये आली, पण मी तेव्हा ५४ चा, ज्येष्ठ नव्हतो. एक शहाणपणा मात्र झाला. पैसे एका ठिकाणी ठेवले नाहीत. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने यूएस-६४ ची खरेदी-विक्री थांबवली, तेव्हा ज्यांनी सगळी रक्कम तिथे टाकली होती त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसरी चूक आजारपणाची. नोकरीत असताना दवाखान्याचा खर्च बँक देत असे. तो बंद होणार हे माहीत असून मी मेडिक्लेम काढला नाही. हिला मधुमेह निघाला, मग पॉलिसी मिळेना. २००७ साली हिचं ऑपरेशन झालं, तेव्हा एक एफडी मोडली.

तिसरी गोष्ट पेन्शनची. ही चूक नव्हे, पण किंमत आहे. २० वर्षांवर नोकरी झालेल्यांना स्वेच्छानिवृत्तीत ५ वर्षं वाढवून धरायची तरतूद पेन्शनच्या नियमात होती, पण आम्हाला ती सुरुवातीला दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आमच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा माझी २८ ची ३३ झाली. थांबावं लागलं ती आठ वर्षं. आणि माझी मूळ पेन्शन २००१ च्या पगारावर ठरली ती ठरलीच. माझ्याबरोबर लागलेला मित्र २०१० पर्यंत थांबला, मध्ये दोन पगारवाढीचे करार झाले, त्याची पेन्शन माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. आम्ही दोघं स्टेशनबाहेर भेटतो तेव्हा चहाचे पैसे तो देतो आणि मी देऊ देतो.

चौथी गोष्ट सांगायला जड आहे. मुलीला इंजिनीअरिंगला जायचं होतं. फ्री सीट थोडक्यात हुकली, पेमेंट सीट मिळत होती. सहा महिन्यांपूर्वीचा मी ‘घे’ म्हणालो असतो. तेव्हा म्हणालो, “बीएस्सी कर.” तिने केलं, पुढे एमएस्सी केलं, आज चांगली नोकरी करते. तिने कधी बोलून दाखवलं नाही. ती आज मागच्या रांगेत बसली आहे, म्हणून मी बोलून दाखवतो. फॉर्मवर सही माझी होती, पण हप्ता तिने भरला.

मग मिळालं काय? पहिले सहा महिने काहीच नाही. पहाटे साडेपाचला जाग यायची आणि जायचं कुठे ते कळायचं नाही. एकदा ही म्हणाली, “घरात पँट-शर्ट घालून का बसता?” मग सोसायटीची वह्या-पुस्तकं माझ्याकडे आली. बिल्डरने दिलेला तो हिशेब ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल, त्यात मला दोन वर्षं पुरेल एवढं काम होतं. रक्तदाबाच्या दोनाच्या एक गोळी झाली. आईची शेवटची तीन वर्षं मी घरी होतो.

आणि २६ जुलै २००५. तुमच्यापैकी बहुतेक जण मुंबईत अडकले होते, फोन बंद होते. तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. मेन स्विच बंद करून, आपल्या सोसायटीतली अकरा मुलं आणि दोन आजी आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणल्या. रात्री आमच्या स्वयंपाकघरात खिचडीचे तीन कुकर झाले. त्या अकरातला एक मुलगा आज आपला खजिनदार आहे. नोकरीत असतो तर त्या रात्री मीही कुठल्या तरी फलाटावर असतो.

बी विंगच्या मुलाला मी एवढंच सांगितलं. आधी विचार, सुटायचं कशातून आहे. काम, साहेब, की रोजचा चार तासांचा प्रवास? खात्यात बदल मागून बघ, लेखी माग. मग ऑफरमधून जे तसंही तुझं आहे ते वजा कर, कर वजा कर, कर्ज वजा कर, आणि उरेल त्यावर आजच्या व्याजदराच्या दोन टक्के खालचा दर लाव. कंपनीचा आरोग्य विमा बंद होण्याआधी स्वतःचा काढ, आई-वडिलांसकट. तुझ्या नोकरीत आमच्यासारखी पेन्शन नाही, हे विसरू नकोस. कागदावर ‘राजीनामा’ लिहिलंय की ‘स्वेच्छानिवृत्ती’ ते नीट वाच, दोन्हींचे परिणाम वेगळे असतात. आणि घरात सगळ्यांना बसवून सांग, मुलांनाही. मी मुलांना सांगितलं नव्हतं, फॉर्म दिल्यावर कळवलं होतं.

त्याने शेवटी विचारलं, “काका, पुन्हा वेळ आली तर तुम्ही घ्याल?”

मी म्हटलं, घेईन. पण मुलीची फी आधी बाजूला काढून ठेवीन, आणि ती निघत नसेल तर आणखी दोन वर्षं थांबेन. त्या दोन वर्षांत माझं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही.

त्याने काय ठरवलं ते मी इथे सांगणार नाही, ते त्याचं आहे. बाकी कोणाला कागद तपासून हवा असेल तर माझा फ्लॅट सर्वांना माहीत आहे. संध्याकाळी सहानंतर या. येताना पगाराची स्लिप आणि कर्जाचं स्टेटमेंट घेऊन या, चहा आमच्याकडे.